मदत हवी आहे: टेक्सासमधल्या हंट्सव्हिलमध्ये थीसिससाठी कैद्यांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत, परवानग्या कशा मिळतात?

आरोही_टेक्सास: सॅम ह्यूस्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या क्रिमिनल जस्टिस कॉलेजात मास्टर्सचं दुसरं सेमिस्टर चालू आहे. विषय: सुटका जवळ आलेल्या कैद्यांचा घरच्यांशी राहिलेला संपर्क. साधारण २० मुलाखती हव्यात. राज्याच्या तुरुंग खात्याचं मुख्यालय गावातच आहे आणि कॉलेजचे खात्याशी जुने संबंध आहेत. मग आयआरबीची (विद्यापीठाच्या संशोधन-नैतिकता समितीची) मंजुरी पुरेशी आहे का? मुलाखतीचे २० डॉलर दिले तर चालतील? पुढच्या मे महिन्यात पदवी हवी आहे.

नियमावली: नाही, आयआरबी पुरेशी नाही. खात्याची संशोधन-परवानगी वेगळी लागते आणि त्यांना आयआरबीचं मंजुरीपत्रही हवं असतं. मुख्यालय शेजारी असल्याचा इथे काही फायदा नाही.

आधी आयआरबीचं पाहू. कैद्यांसाठी फेडरल (केंद्र सरकारच्या) नियमांत वेगळा भाग आहे, सबपार्ट सी. तो १९७८ पासून लागू आहे, कारण त्याआधी तुरुंगांत औषधांच्या चाचण्या सर्रास होत. त्यामुळे 'नुसत्या मुलाखती आहेत, एक्झेम्प्ट करा' (म्हणजे तपासणीतून सूट द्या) हे चालत नाही. समितीत कैद्यांचा प्रतिनिधी असावा लागतो आणि तुमच्या अर्जाच्या वेळी तो हजर लागतो. समितीची बैठक हुकली की अर्ज पुढच्या बैठकीवर जातो. सिटी (CITI) या संशोधन-नैतिकतेच्या ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये कैद्यांवरचं मॉड्यूल वेगळं असतं, ते आधीच उरका.

अर्ज परत येतो तो बहुतेक कन्सेंट फॉर्मवरून, म्हणजे कैद्याच्या संमतीपत्रावरून. भाग घेतला किंवा नाकारला तरी पेरोलवर (मुदतीआधीच्या सशर्त सुटकेवर) परिणाम होणार नाही, हे वाक्य फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा. भाषा सहावी-आठवीच्या मुलाला कळेल इतकी सोपी हवी. गुप्ततेची मर्यादाही सांगा: पळून जाण्याचा बेत किंवा कुणाला इजा करण्याचा इरादा कळला तर तुम्हाला गप्प बसता येणार नाही. आणि उघडकीस न आलेल्या गुन्ह्यांबद्दल प्रश्नच ठेवू नका.

पैशांचं म्हणाल तर टेक्सासच्या तुरुंगात बहुतेक कामांना मजुरीच नाही. तिथे २० डॉलर म्हणजे फार मोठी रक्कम. माणूस पैशांसाठी धोका पत्करतो, म्हणून समिती हरकत घेते. मोबदला नको.

आरोही_टेक्सास: पेरोलवर सुटलेल्यांच्या मुलाखती घेतल्या तर?

नियमावली: पेरोलवर बाहेर असलेला माणूस सहसा 'प्रिझनर'च्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे सबपार्ट सी टळतो. पण माणसं पेरोल ऑफिसरमार्फत मिळवू नका. ऑफिसरने पाठवलं की नाही म्हणायची हिंमत कोण करणार? पुनर्वसन संस्थेत पत्रक लावा, संपर्क त्यांना करू द्या. आणि अभ्यास चालू असताना कुणाला पुन्हा अटक झाली तर त्याच्याशी संपर्क तिथेच थांबवा. खटल्याआधी कोठडीत असलेलाही नियमाच्या दृष्टीने कैदीच. आयआरबीला कळवल्याशिवाय पुढची मुलाखत नाही.

सांख्यिकी_काका: मे महिना गाठायचाच असेल तर मुलाखती पीएचडीसाठी ठेवा. ब्युरो ऑफ जस्टिस स्टॅटिस्टिक्स या केंद्र सरकारच्या संस्थेने २०१६ मध्ये केलेला कैद्यांचा सर्व्हे मिशिगन विद्यापीठाच्या आयसीपीएसआर या डेटा-संग्रहात आहे, राज्य आणि फेडरल तुरुंगांतल्या २४,८४८ कैद्यांच्या मुलाखती. मुलंबाळं, फोन, भेटी या सगळ्यावर प्रश्न आहेत, म्हणजे तुमचाच विषय. सार्वजनिक फाइल वापरलीत तर आयआरबीचं काम फारच हलकं होतं. तरी एकदा लेखी विचारून घ्या.

या फाइलमध्ये मुलं हमखास एक चूक करतात. सर्व्हेत आधी तुरुंग निवडले आणि मग त्यातले कैदी. एका तुरुंगातल्या कैद्यांची उत्तरं एकमेकांसारखी निघतात, भेटीची वेळ आणि फोनची सोय एकच असते ना! हे न धरता साधं रिग्रेशन चालवलं तर स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) खोटा लहान येतो आणि नसलेला परिणाम ठळक दिसतो. स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये 'एसव्हीवायसेट' (svyset) या कमांडमध्ये फाइलसोबतचे रेप्लिकेट वेट्स (ही अनिश्चितता नीट मोजण्यासाठी दिलेले भार) भरा, मगच मॉडेल. उपगट पाहताना बाकीच्या ओळी डिलीट करू नका, 'सबपॉप' (subpop) हा पर्याय वापरा.

'भेट झाली का' याच्या उत्तरावरून निष्कर्ष काढण्याआधी घरापासूनचं अंतर आणि शिक्षेचा किती काळ भोगून झाला हे कंट्रोल करा, म्हणजे मॉडेलमध्ये धरा. हंट्सव्हिलपासून एल पासो हजार किलोमीटरहून लांब आहे. आई भेटायला येत नाही याचा अर्थ नातं तुटलं असा काढू नये. सार्वजनिक फाइलमध्ये तुरुंगाचं नाव नसतं, तेव्हा अंतराचा प्रश्न कोडबुकात (फाइलमधल्या प्रश्नांच्या माहितीपुस्तिकेत) कसा विचारलाय ते आधी बघा आणि त्यावरून गृहीतक मांडा.

आरोही_टेक्सास: कोडबुक उतरवलं. अंतराचा प्रश्न शोधून उद्या इथेच टाकते, नजर घाला.