मे महिन्यात ईगलनेस्ट : १४ जणांची सहल घ्यावी की ६ जणांची?

सातारची_शिंजीर

नमस्कार. येत्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट अभयारण्यात मार्गदर्शकासह होणाऱ्या पक्षीनिरीक्षण सहलीला जाण्याचा माझा आणि माझ्या थोरल्या बहिणीचा विचार आहे. आम्ही दोघी निवृत्त शिक्षिका. कास, कोयना आणि दोन वर्षांपूर्वी केलेली सातताल-पंगोटची सहल एवढाच आमचा अनुभव.

सध्या दोन पर्याय समोर आहेत. पहिल्या सहलीत १४ जण असून ६ दिवसांत ईगलनेस्ट, दिरांग, मंडला आणि सेला खिंड असे सगळे उरकायचे आहे. दुसरीत केवळ ६ जण आहेत, ८ पैकी ६ रात्री ईगलनेस्टमध्येच तंबूत काढायच्या आहेत आणि खर्च जवळपास दीडपट आहे. पहिल्या आयोजकांनी बुगुन लिओचिक्ला हा पक्षी ‘हमखास दाखवू’ असे लेखी कळवले आहे. दुसऱ्यांनी तसे काहीच म्हटलेले नाही आणि खरे सांगायचे तर त्यामुळेच माझी बहीण पहिल्या सहलीकडे झुकली आहे. मे महिना उशिराचा ठरतो का, आणि बहिणीच्या गुडघ्यांना हे चालणे झेपेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

रानवाट_पुणे

ताई, मी ईगलनेस्टला दोनदा गेलो आहे, एकदा मोठ्या गटातून आणि एकदा पाच जणांबरोबर, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तिथे पक्षी पाहण्याची जागा म्हणजे मुख्यतः एकच कच्चा रस्ता. तो सुमारे २,८०० मीटर उंचीवरच्या खिंडीतून बोंपू आणि सेस्नी या तळांवरून खेलाँगपर्यंत, म्हणजे जवळपास ७५० मीटरपर्यंत उतरत जातो. दर काहीशे मीटर उतरले की झाडी बदलते आणि पक्षीही बदलतात. या अभयारण्याचे सारे वैभव त्या उतारात आहे. मात्र रस्त्याच्या एका अंगाला डोंगराची भिंत आणि दुसऱ्या अंगाला दरी असल्यामुळे गटाला बहुतेक वेळ एकामागोमाग एक असेच चालावे लागते. मिश्र थवा, म्हणजे निरनिराळ्या जातींच्या पक्ष्यांचा एकत्र थवा, आला की अर्ध्या-एक मिनिटात तो झाडोऱ्यातून पार होतो. पुढच्या चौघांना पक्षी दिसतात आणि मागच्या दहांच्या वाट्याला ‘होता, गेला’ एवढे शब्द येतात.

पहिल्या खेपेला आम्ही १३ जण होतो. बोंपूच्या वरच्या अंगाला बांबूत वॉर्ड्स ट्रोगॉनचा नर बसला होता. आपल्या सह्याद्रीतल्या कर्ण्याचा हा भाऊबंद; त्याच्यासारखाच निश्चल बसणारा, हलला तरच नजरेस पडणारा. तिघांनी त्याला पाहिले, चौथ्याने कॅमेऱ्याचा तिपाया उघडला, त्याचा खटका वाजला आणि पक्षी दरीत उतरला. रांगेत मी नववा होतो. दुसऱ्या खेपेला जवळपास त्याच वळणावर आम्ही पाच जण रस्त्यातच बसकण मारून वीसेक मिनिटे गप्प राहिलो. नर बांबूच्या आडव्या काठीवर आला, त्याने सावकाश मान वळवली, तेव्हा कपाळावरची गुलाबी पट्टी लख्ख दिसली. मग समोरच्या पानावरचा किडा उडत्या उडत्या टिपून तो पुन्हा त्याच काठीवर येऊन बसला. माझ्यासाठी दीडपट खर्च तिथेच वसूल झाला.

मे उशिराचा नाही, पावसाचा आहे. पक्षी या काळात भरभरून गातात. लार्ज हॉक-कक्कूचे ओरडणे ऐकलेत तर आपला पावशाच घसा बसल्यावर ओरडतो आहे असे वाटेल. पण मान्सूनपूर्व पाऊस तिकडे जोरदार असतो, दुपारी धुके दाटते आणि दरड कोसळली तर एखादा दिवस सरळ वाया जातो. सहा दिवसांत चार ठिकाणे कोंबलेल्या सहलीत असा दिवस भरून काढायला जागाच उरत नाही.

गुडघ्यांचे म्हणाल तर चढण फारशी नसते, कारण गाडी वर सोडते आणि आपण उतरत येतो. पण दुखऱ्या गुडघ्याला उतारच अधिक जाचतो. गाडी दर अर्ध्या किलोमीटरवर थांबत मागे येईल का, हे आयोजकांना स्पष्ट विचारा आणि एक हातकाठी बरोबर ठेवा.

धनेशमित्र

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. केवळ ‘हमखास’ या शब्दाबद्दल लिहितो, कारण मला तोच सर्वांत खटकला.

पेशाने खगोलशास्त्रज्ञ असलेल्या रमणा अत्रेय यांना बुगुन लिओचिक्ला पहिल्यांदा १९९५ साली दिसला आणि २००६ मध्ये त्यांनी ही नवी प्रजाती म्हणून जगासमोर आणली. नवी प्रजाती जाहीर करताना नमुना म्हणून पक्षी मारून संग्रहालयात ठेवण्याची जुनी रीत आहे. त्यांनी ती मोडली, कारण त्या वेळी अवघे १४ पक्षीच आढळले होते. जाळ्यात पकडलेल्या पक्ष्याची गळालेली पिसे, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रण यांवरच त्यांनी वर्णन केले आणि पक्षी सोडून दिला. पक्ष्याला नाव मिळाले ते तिथल्या बुगुन समाजाचे. पुढे २०१७ साली याच समाजाच्या जमिनीपैकी १७ चौरस किलोमीटर भाग सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला.

इतका दुर्मीळ आणि झुडपात दडून राहणारा पक्षी हमखास दाखवायचा, तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच्या हद्दीत उभे राहून त्याचेच ध्वनिमुद्रण वाजवत राहणे. विणीच्या हंगामात नराला वाटते की प्रतिस्पर्धी घुसला. तो घरटे आणि अन्न शोधणे सोडून आवाजामागे धावतो. एकदा झाले तर निभावते, पण एका हंगामात कितीतरी गट त्याच वळणावर थांबतात. त्यामुळे ‘प्लेबॅक वापरता का, आणि लिओचिक्लासाठीही वापरता का’ हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी दोन्ही आयोजकांना लेखी विचारावा. स्थानिक बुगुन मार्गदर्शक बरोबर असणार आहे का, हेही विचारा. झुडपातली हालचाल त्यांना आपल्या कितीतरी आधी कळते.

इनर लाइन परमिट, म्हणजे अरुणाचलात प्रवेशासाठी लागणारा परवाना, आधीच काढून ठेवावे. ते ऑनलाइन मिळते. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे घ्या, मिठाची पुरचुंडी पावसात विरघळून जाते.

सातारची_शिंजीर

दोघांचेही मनापासून आभार. प्लेबॅकचा प्रश्न काल दोघांनाही विचारला. पहिल्यांनी ‘पाहुण्यांच्या समाधानासाठी आवश्यक तेवढा’ असे उत्तर पाठवले. दुसऱ्यांनी फोन करून सांगितले की लिओचिक्लासाठी तो अजिबात वाजवत नाहीत. त्याच्यासाठी लामा कॅम्प या तळाच्या परिसरात तीन सकाळी ठेवल्या आहेत, दिसला तर दिसला. बहिणीला हे दुसरे उत्तर आवडले, तरीही सेला खिंड हुकणार म्हणून ती थोडी हिरमुसली आहे. तिथला ग्रँडाला हा निळा पक्षी पाहायची तिची फार इच्छा होती. शेवटी दोन दिवस वाढवून सेला करणे शक्य आहे का?

रानवाट_पुणे

शक्य आहे आणि क्रमही बरोबर राहील. सेला सुमारे ४,१७० मीटरवर आहे, म्हणून आठवडाभर मध्यम उंचीवर राहून, मग दिरांगला मुक्काम करून वर जाणे हे थेट जाण्यापेक्षा कधीही बरे. तरी बहिणीला रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका. एक गोष्ट मात्र चालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून तवांगकडे जाणाऱ्या गाड्या सवयीने बोगद्यातूनच जातात आणि ग्रँडालाचे निळे थवे राहतात वर, जुन्या रस्त्याकडेला.