‘कुंकू’तली नीरा की ‘उंबरठा’तली सुलभा?

शनिवारपेठी:
गेल्या पंधरवड्यात दोन चित्रपट योगायोगाने पाठोपाठ पाहण्यात आले. एक १९३७ सालचा प्रभातचा ‘कुंकू’ आणि दुसरा १९८२ सालचा जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’. स्मिता पाटील ही माझी महाविद्यालयाच्या दिवसांपासूनची आवडती अभिनेत्री, आणि सुलभा महाजन ही तिची सर्वांत कसदार भूमिका, हे मत मी आजवर अनेकांशी वाद घालून टिकवले आहे. शांता आपटे यांची नीरा पाहिल्यापासून मात्र त्या मताला थोडा तडा गेला आहे.

नीरेला फसवून एका वयस्कर विधुराच्या गळ्यात बांधले जाते आणि त्याला नवरा मानायचे नाही, या एका मुद्द्यावर ती घरातल्या सगळ्यांशी झुंजते. सुलभेचे तसे नाही. नवरा वकील, सासूचे समाजकार्यात नाव, मुलीला जीव लावणारी जाऊ, असे सगळे असताना ती परगावच्या महिलाश्रमाची अधीक्षिका होऊन घराबाहेर पडते. नीरेवरचा अन्याय पहिल्या काही मिनिटांतच प्रेक्षकाला पटतो, सुलभेची घुसमट मात्र अभिनेत्रीनेच पटवून द्यावी लागते. त्यामुळे सुलभा अधिक अवघड, असा माझा युक्तिवाद होता. तो आपल्याला पटतो का? शक्यतो एखादा प्रसंग घेऊन लिहावे, कारण नुसती नावांची यादी काय, कोणीही देईल.

जुनी_तिकिटे:
युक्तिवाद चांगला आहे, पण त्यात एक गोष्ट निसटली. ‘कुंकू’ला पार्श्वसंगीत नाही. दिग्दर्शक शांताराम बापूंनी ते जाणीवपूर्वक टाळले आणि प्रसंगात जे ऐकू येईल तेवढेच आवाज ठेवले. एरवी अभिनेत्री जिथे थोडी कमी पडते, तिथे व्हायोलिन धावून येते. शांताबाईंना ती सोय नव्हती. केशवराव दात्यांचे काकासाहेब, म्हणजे तो वयस्कर नवरा, काहीतरी समजुतीचे बोलतात आणि नीरा उत्तर देण्याआधी क्षणभर थांबते, तेव्हा त्या थांबण्यात जे काही आहे ते सगळे एकट्या शांताबाईंचे आहे.

दुसरे म्हणजे तिचे गाणे. त्या काळी पडद्यावर गाणारी नटी बहुधा एका जागी उभी राहून गात असे. शांताबाई गाताना डोळे, मान, हात सगळे वापरतात, आणि त्याला नाच म्हणता येत नाही, ते बोलणेच वाटते. जुन्या वळणाच्या घरात कोंडलेली ही मुलगी जेव्हा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाऊ लागते, तेव्हा तिचे शिक्षण आणि तिचा हट्ट दोन्ही एकदम कळतात. (याच बाईंनी पुढे १९३९ मध्ये करारावरून बिनसल्यावर प्रभातच्या दाराशी उपोषण केले होते. नीरेचा ताठा सगळाच पटकथेतून आला असेल, असे मला तरी वाटत नाही.)

रानवाट:
आपण दोघेही पांढरपेशा घरातच फिरत आहात, म्हणून मध्ये बोलतो. मी कर्जतकडचा. आमच्या बाजूच्या ठाकरवाड्या लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यामुळे ठाकरांवरचा ‘जैत रे जैत’ पाहायला बसलो, तेव्हा मनात थोडी धास्तीच होती. शहरातली नटी आदिवासी झाली की बहुतेक वेळा लुगडे तेवढे खोटे दिसत नाही, बाकी सगळे खोटे दिसते.

स्मिताची चिंधी मात्र खोटी वाटली नाही. नावडत्या नवऱ्याचे घर सोडून नाग्यावर जीव लावणारी ही बाई नकाराची भाषणे करत नाही. ती दगडावर बसते ती दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकवून, उठते ती हाताचा आधार न घेता. आमच्याकडच्या बायका अशाच उठतात. सुलभा खुर्चीत बसते तेव्हा पाठ ताठ ठेवून, काहीशी अवघडून बसते. तीच ही बाई, यावर विश्वास बसणार नाही. १९७७ सालचा हा चित्रपट ‘उंबरठा’च्या आधीचा आहे, दिग्दर्शकही तोच. स्मिताची एकच भूमिका निवडायची, तर मी चिंधीच निवडेन.

दादरचा_प्रेक्षक:
१९७७ सालचा उल्लेख निघालाच आहे, तर त्याच वर्षीचा ‘भूमिका’ कसा विसरता येईल? अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर श्याम बेनेगल यांनी तो केला आणि त्यासाठी स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहेच. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की वयाच्या अवघ्या २२व्या वर्षाच्या आसपास तिने नटीचीच भूमिका केली, म्हणजे अभिनयाचा अभिनय. पडद्यावरच्या चित्रपटात नाचणारी उर्वशी आणि घरी परतलेली उषा यांचा चेहरा एकच, पण चाल वेगळी आहे.

प्रसंगच हवा असेल, तर उषा ज्यांच्याकडे दुसऱ्या बायकोसारखी राहायला जाते, त्या काळ्यांच्या वाड्यातला घ्या. अंथरुणाला खिळलेली थोरली बायको तिला सांगते की बिछाने बदलतात, स्वयंपाकघरे बदलतात, पुरुषांचे मुखवटे बदलतात, पुरुष बदलत नाहीत. वाक्य इतके धारदार आहे की सगळे त्याच्याच आठवणीत राहतात. पुढच्या वेळी त्या क्षणी ऐकणाऱ्या उषेकडे बघा.

जुनी_तिकिटे:
मान्य. पण हंसाबाईंचे नाव निघाले, तेव्हा त्यांचा स्वतःचा ‘लोकशाहीर रामजोशी’ही पाहावा. आत्मकथनामुळे त्यांच्या आयुष्याची चर्चा फार झाली आणि त्यांच्या अभिनयाची कमी, ही माझी जुनी तक्रार आहे.

शनिवारपेठी:
सर्वांचे आभार. पार्श्वसंगीताचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, त्यामुळे काल रात्री ‘कुंकू’ पुन्हा लावला आणि जुनी_तिकिटे यांचे म्हणणे पुष्कळसे पटले. त्यानंतर ‘उंबरठा’चा शेवटचा भागही पाहिला. आश्रमाचा राजीनामा देऊन सुलभा घरी येते, मुलगी तिच्याजवळ यायला तयार होत नाही, आणि गिरीश कार्नाडांचा सुभाष दुसऱ्या बाईशी असलेल्या संबंधाची कबुली देतो, तीही एखाद्या अशिलाला कलम समजावून सांगावे तशा समजूतदार सुरात. त्या वेळी स्मिताच्या चेहऱ्यावर राग उमटण्याआधी एक प्रकारची ओळख पटल्याची छटा येऊन जाते. हे आपल्याला कुठेतरी ठाऊकच होते, अशी. त्या छटेसाठी मी अजून सुलभेच्याच बाजूने आहे, मात्र पूर्वीइतक्या मोठ्या आवाजात वाद घालणार नाही.

‘जैत रे जैत’ मी शाळेत असताना पाहिला होता आणि त्यातली महानोरांची गाणीच तेवढी आठवतात. येत्या रविवारी तो लावून बसण्या-उठण्याकडे लक्ष ठेवून पाहीन.

रानवाट:
बसण्याइतकेच डोंगर चढण्याकडेही लक्ष द्या.