ऑफिसात काही संगणकांवर नेट, काहींवर नाही

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे): आमचं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. सहा संगणक, एक प्रिंटर, एकच फायबर लाइन. आतल्या केबिनमध्ये वायफाय पोचत नव्हतं म्हणून तिथे जुना राउटर लावून घेतला. तेव्हापासून रोज सकाळी कुठल्या तरी दोन-तीन संगणकांना नेट मिळत नाही, प्रिंटरही सापडत नाही. २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी (जीएसटीचे मासिक रिटर्न) भरायचेत, मुलींचा जीव टांगणीला लागलाय. लाइनवाला म्हणतो, लाइन उत्तम आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर (ऐरोली): ताई, नेट चालू असलेल्या आणि नेट बंद असलेल्या एकेका संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ (ipconfig /all) ही आज्ञा चालवा. संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) आणि गेटवे (ज्या राउटरमधून तो बाहेर जातो त्याचा पत्ता) इथे लिहा.

प्रश्नकर्ती: चालू: १९२.१६८.१.२४, गेटवे १९२.१६८.१.१. बंद: १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१.

उत्तर (ऐरोली): मग लाइनवाला खरं बोलतोय. दोन्ही राउटर पत्ते वाटताहेत. सकाळी संगणक सुरू झाला की ज्या राउटरचं उत्तर आधी येईल त्याने दिलेला पत्ता तो घेतो; जुन्या राउटरकडून घेतला की नेट मिळत नाही, म्हणून रोज वेगळे संगणक अडकतात. जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, मग त्यातलं डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करा. मुख्य राउटरकडून येणारी केबल जुन्या राउटरच्या लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्येच ठेवा, वॅन (बाहेरच्या लाइनच्या) पोर्टमध्ये नको. मुख्य राउटर १.२ हा पत्ता दुसऱ्या कुणाला देत नाही ना, तेवढं बघा. नंतर सगळे संगणक रीस्टार्ट. आजच करून टाका, २० तारखेची वाट बघू नका.

उत्तर (नेरूळ): सहमत. प्रिंटरला मुख्य राउटरमधून कायमचा पत्ता राखून ठेवा. एवढं करूनही साइट उघडल्या नाहीत, पण ‘पिंग ८.८.८.८’ला (गूगलच्या सर्व्हरपर्यंत पोचतो का, ही चाचणी) उत्तर आलं, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) तपासा.