मानसशास्त्रीय भयपटाच्या सुरुवातीचे मूल्यमापन कसे करावे? सल्ला हवा आहे

रातराणी
नमस्कार. मी पुण्यात केंब्रिज इंटरनॅशनलच्या ए.एस. स्तराला मीडिया स्टडीज शिकते. त्यात नव्या काल्पनिक चित्रपटाची सुरुवात श्रेयनामावलीसह, जास्तीत जास्त दोन मिनिटांत, चित्रित करायची असते. आमच्या गटाने मानसशास्त्रीय भयपट निवडला. जुन्या वाड्यातल्या स्वयंपाकघरात एक मुलगी दोन कपांत चहा गाळते, एक कप आतल्या खोलीत पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवते आणि आजीशी बोलत राहते. आजी दिसत नाही, फक्त तिचा खोकला ऐकू येतो. मुलगी परत येते तेव्हा कप रिकामा असतो आणि पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली दिसते. मग अंधार, किंकाळी, अचानक समोर आलेला विद्रूप चेहरा आणि ‘उष्टा कप’ हे नाव.

आता आम्हाला स्वतःच्या कामाचे परीक्षण सादर करायचे आहे. प्रकाराचे संकेत आणि समाजघटकांचे चित्रण, प्रेक्षक आणि वितरण, कौशल्यांची वाढ, तंत्रज्ञानाचा वापर अशा चार प्रश्नांची उत्तरे त्यात द्यावी लागतात. वर्गातल्या मैत्रिणी ‘भारी झालंय’ म्हणतात, पण त्यातून हाती काही लागत नाही. कोणत्या निकषांवर तपासावे?

कातरवेळ
मी संकलनाचे काम करतो, म्हणून आधी शेवटच्या चेहऱ्याबद्दल स्पष्टच लिहितो: तो काढून टाकावा. मानसशास्त्रीय भयपटात भीती उपजते ती ‘ही मुलगी जे पाहते आहे त्यावर मी विश्वास ठेवू का’ या शंकेतून, आणि तुमच्या रिकाम्या कपाने ती शंका उत्तम निर्माण केलेली असताना तो चेहरा येऊन तिचे उत्तर देऊन टाकतो. भूत खरे आहे असे ठरले की प्रेक्षकाला विचार करायला काही उरत नाही. ‘द शायनिंग’ (१९८०) या चित्रपटाची सुरुवात याच दृष्टीने पाहा. डोंगररस्त्यावरून जाणारी एक छोटी पिवळी गाडी आकाशातून दिसत राहते, एवढेच दृश्य आहे. अस्वस्थता येते ती वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांच्या संगीतातून, ज्याला ‘डिएस इरे’ या मृतांसाठीच्या मध्ययुगीन स्तोत्राच्या चालीचा आधार आहे.

मूल्यमापनासाठी, ज्यांना तुमचा विषय ठाऊक नाही अशा प्रेक्षकांना चेहऱ्याआधीपर्यंतचा भाग दाखवा आणि ‘आवडले का’ असे विचारूच नका. ‘या घरात काय चालले आहे?’ आणि ‘पुढे काय होईल?’ एवढेच विचारा आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. काहींना आजी वारली आहे असे वाटले, काहींना चहा मुलीनेच प्यायला असे वाटले, तर तुमची सुरुवात नेमके हवे ते करते आहे. सगळ्यांचे एकच उत्तर आले, तर कुठेतरी जास्त सांगितले गेले आहे. कोणाला कप रिकामा झाल्याचे कळलेच नाही, तर दोष बहुधा त्या शॉटमध्येच असेल. भरलेला आणि रिकामा कप एकाच कोनातून, एकाच अंतरावरून दाखवला आहे का, आणि तळाशी राहिलेली चहाची रेघ डोळ्यांनी टिपेपर्यंत तो शॉट टिकतो का, हे तपासा. परीक्षणात ‘आम्ही तणाव निर्माण केला’ असे मोघम विधान करण्याऐवजी तो शॉट किती सेकंदांचा होता, किती केला आणि त्यानंतर प्रेक्षकांची उत्तरे कशी बदलली, हे सांगा. चारपैकी तीन प्रश्नांना ही सामग्री पुरेल.

ध्वनिवेडा
वरील मताशी सहमत आहे. त्यात ध्वनीची भर घालतो. एकदा चित्र बंद करून नुसते ऐका. आजीच्या खोकल्याचे एकच ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा वापरले असेल, तर कानाला ते लगेच कळते आणि आजी आहे की नाही ही शंका नको त्या कारणाने संपते. दोन खोल्यांची शांतता वेगवेगळी असते. प्रत्येक खोलीत कोणी न बोलता निदान अर्धा मिनिट ध्वनिमुद्रण करून तो थर संवादांखाली घातल्यास तुकडे जोडल्यासारखे वाटणार नाहीत. खालच्या पट्टीतली घरघर वापरली असेल, तर ती फोनच्या स्पीकरवर जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे चाचणीच्या प्रेक्षकांना हेडफोन द्यावेत.

फळा_आणि_खडू
रातराणी, मी हा विषय शिकवते, म्हणून तुला एका दुर्लक्षित मुद्द्याकडे वळवते. मानसिक आजार असलेली व्यक्ती म्हणजे धोकादायक व्यक्ती, हे समीकरण या चित्रपटप्रकारात फार रुळले आहे आणि त्याने खऱ्या रुग्णांचे नुकसान होते. तुझी मुलगी दुःखात आहे, एकटी आहे, की इतरांना भीती वाटावी अशी आहे? प्रकाश, कॅमेऱ्याची उंची आणि तिचा चेहरा यांतून काय सूचित होते, ते प्रामाणिकपणे लिही. चेहऱ्याचा शॉट काढलास, तर या प्रश्नाचे उत्तरही बदलेल, आणि तो बदल अवश्य नोंदव. वितरणाबद्दल लिहिताना नुसते ‘तरुण प्रेक्षक’ म्हणू नकोस. आपल्याकडे २०२४ च्या नियमांनुसार यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले आहेत; तुझा चित्रपट त्यांपैकी कशात बसेल आणि का, हे दृश्यांच्या आधारे मांड.

रातराणी
सर्वांचे मनापासून आभार. चेहऱ्याशिवायची प्रत तयार करून वाड्यातल्या शेजाऱ्यांना दाखवणार आहोत. आणखी एक अडचण आहे: प्रीमियर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहिले की ‘ष्टा’ हे जोडाक्षर तुटते.

कातरवेळ
प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स या विभागात टेक्स्ट इंजिनसाठी ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हा पर्याय निवडा आणि नाव नव्याने टंकित करा. तरीही तुटत असेल, तर दुसऱ्या प्रणालीत पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी प्रतिमा करून आणा. श्रेयनामावलीतले प्रत्येक नाव सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ पडद्यावर राहू द्या, आणि कप दिसत असताना मात्र एकही नाव नको.