पिण्याच्या नळाला फिनेलचा वास : पाणी गेल्यावर नळ उलटा ओढतो का?

पेठेतली आई :
आमची सोसायटी सदाशिव पेठेत आहे, वाडा पाडून बांधलेली, बारा फ्लॅटची. कॉर्पोरेशनचं पाणी पहाटे साडेपाच ते आठ. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघरात एक नळ थेट लाइनचा आहे, प्यायचं पाणी त्यावरच भरतो. बाकी सगळं गच्चीवरच्या टाकीचं.

गेल्या मंगळवारी त्या नळाला पहिली दोन-तीन मिनिटं फेसाळ पाणी आलं आणि फिनेलचा वास. ओतून दिलं. शुक्रवारी पुन्हा तेच. घरात आठ महिन्यांची मुलगी आहे, नुकतं वरचं खाणं सुरू केलंय. माझा जीव थाऱ्यावर नाही.

चेअरमन म्हणतात, वरूनच तसं येतंय. समोरच्या इमारतीत विचारलं तर त्यांच्याकडे असं काही नाही. प्लंबर म्हणतो, एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवून टाका. तेवढ्याने भागेल का? आणि तोवर पाणी उकळून दिलं तर चालेल ना?

निवृत्त पाणीपुरवठा :
ताई, आधी एक सांगा. त्याच लाइनवर खाली पार्किंगमध्ये नळ आहे का? आणि पार्किंग सोमवारी-गुरुवारी धुतात का?

पेठेतली आई :
हो काका! अगदी हेच दोन वार. सकाळी पाणी असतानाच धुतात. हिरवा पाइप लावलेला असतो.

निवृत्त पाणीपुरवठा :
मग पाइपचं टोक फिनेलच्या बादलीत बुडलेलं राहतंय आणि नळ उघडाच. आठला पुरवठा बंद झाला की रस्त्यावरची लाइन उताराच्या बाजूला रिकामी होत जाते. तिकडे कोणी थेट लाइनला मोटर लावली असेल (नियमात बसत नाही, तरी लावतात) तर आणखी वेगाने. लाइनमध्ये पोकळी होते आणि बादलीतलं पाणी पाइपातून उलटं चढतं. ते रात्रभर तुमच्या लाइनमध्ये बसतं आणि पहाटेच्या पहिल्या दाबाला तुमच्या नळातून बाहेर येतं.

खात्री करायची असेल तर उद्या आठला, पाणी जाताना, स्वयंपाकघरातला नळ उघडा ठेवा. स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास असा धरा की नळाचं तोंड पाण्यात बुडेल. पातळी खाली गेली तर नळ ओढतोय.

उकळून जंतू मरतात, पण फिनेल आणि साबण जात नाहीत. वास पूर्ण जाईपर्यंत पाणी सोडून द्या, बाळासाठी तर दुसरीकडून आणा. हे किरकोळ समजू नका. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा हॉटेलांतल्या सदोष नळजोडणीमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात गेलं आणि आमांशाने ९८ माणसं दगावली. मी नोकरीत असताना नव्या मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगायचो.

धायरीचा प्लंबर :
काका बरोबर बोलतायत. एनआरव्ही बसवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आपल्या पाण्याला क्षार आणि माती. व्हॉल्व्हच्या आतल्या पडद्यात एक खडा अडकला की तो नीट बसत नाही, आणि बाहेरून काही कळत नाही. व्हॉल्व्हवरचा बाण पाण्याच्या दिशेने हवा. उलटा बसवलेला असेल तर पाणीच येत नाही, मग वैतागून कोणीतरी आतला पडदाच काढून टाकतं. मी असे रिकामे व्हॉल्व्ह स्वतः उघडलेत.

खरा उपाय म्हणजे मधे हवा ठेवणं. नळाचं किंवा पाइपचं तोंड बादलीच्या किंवा हौदाच्या वरच्या काठापेक्षा पाइपच्या व्यासाच्या दुप्पट उंच, आणि कमीत कमी एक इंच. हवेतून पाणी ओढलं जात नाही. तिथे बिघडायला काही नसतंच.

तुमचा हौदही बघा. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण निघाले, तेव्हापासून लोक मला झाकण उघडून हौदाचा तळ दाखवतात. आत येणारा पाइप कुठे संपतो ते मात्र कोणी बघत नाही. आवाज होतो म्हणून तो पाण्याखाली नेलेला असतो. बोअरची लाइन कॉर्पोरेशनच्या लाइनला नुसत्या एका कॉकने जोडलेली असेल तर ती तोडा, दोन्ही पाणी वेगवेगळ्या पाइपने वरून हौदात पडू द्या. संडासातला जेट थेट लाइनवर असेल तर तो कमोडमध्ये लोंबकळता ठेवू नका, अँगल कॉक बंद करत जा.

पेठेतली आई :
आज आठ वाजून दहा मिनिटांनी ग्लास धरला. अर्धा ग्लास माझ्या डोळ्यांसमोर नळात गेला. सासूबाईंना हाक मारून दाखवलं, मग चेअरमनकाकांना वर बोलावलं. त्यांनी दोनदा करून बघितलं आणि स्वतः खाली जाऊन हिरवा पाइप काढला. आता पार्किंग टाकीच्या पाण्याने धुणार आणि तिथला थेट नळ बंद करून टाकणार.

हौदही उघडला. पाइप पाण्यात जवळजवळ हातभर खाली होता. प्लंबरदादा रविवारी कापून वर घेणार आहेत, त्याच दिवशी हौद धुऊन घेऊ. बाळाचं पाणी तोवर आईकडून, कोथरूडहून येतंय.

काका, ग्लास सोमवारी पुन्हा धरून बघू ना?

निवृत्त पाणीपुरवठा :
बघा, पण नळ तेव्हाही ओढेल. ती पोकळी रस्त्यावरच्या लाइनची आहे, तुमच्या हातात नाही. म्हणून बारा घरांत थेट लाइनवर आणखी कुठे पाइप किंवा जेट आहे का, ते दार वाजवून विचारून घ्या.