फक्त सिक्युरिटीच का?
वर एकांनी लिहिलंय की जवानाला पेन्शनवर आल्यावर गेटवरचीच नोकरी मिळते. माझ्या थोरल्या भावालाही हेच सांगितलं होतं, फार वाईट वाटलं होतं तेव्हा. पण आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक (सैन्यातून सेवामुक्त झाल्याची नोंदपुस्तिका) घेऊन नाव नोंदवा. राज्य सरकारच्या गट क आणि ड भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमध्येच राखीव हिस्सा) आहे. केंद्राच्या गट क पदांसाठी वयातून सेवेची वर्षं वजा करून वर 3 वर्षं सवलत मिळते. दहावी पास आणि 15 वर्षं सेवा असेल तर पदवी समकक्ष प्रमाणपत्र जरूर घ्या. बरेचजण तेच विसरतात, आणि मग पदवी मागणाऱ्या जागांचा अर्जच भरत नाहीत. बँकांच्या भरतीच्या जाहिरातीही बघत राहा. सेवेत शेवटचं वर्ष उरलं असेल तर पुनर्वास महासंचालनालयाच्या (निवृत्त होणाऱ्या जवानांना नव्या कामासाठी तयार करणारं संरक्षण खात्याचं कार्यालय) कोर्ससाठी युनिटमध्ये आत्ताच विचारा.