मदत हवी आहे: शालेय ग्रंथालयासाठी सध्या लागू असलेले राज्याचे निकष कोणते?

आमची शाळा खासगी अनुदानित, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. पूर्णवेळ ग्रंथपाल नाही, कार्यभार माझ्याकडे (मी भाषेची शिक्षिका). शाळा समितीला ग्रंथालयाची नियमावली नव्याने करायची आहे.

शिक्षण हक्क कायदा 2009 ची अनुसूची पाहिली. वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय हवे, एवढेच त्यात आहे. पुस्तके किती, जागा किती, काही नाही. शिवाय तो कायदा आठवीपर्यंतचा. 1967 चा ग्रंथालय अधिनियम सार्वजनिक ग्रंथालयांचा, कृपया तो सुचवू नका. 28 जानेवारी 2019 चा शासन निर्णय शिक्षकेतर पदांबद्दल आहे. पद मिळवण्याचा प्रश्न इथे नाहीच.

खरी अडचण जुन्या पुस्तकांची. अभ्यासक्रम बदलल्याने बाद झालेले संच आणि वाळवी लागलेले अंक कपाटे अडवून बसलेत, पण दाखल नोंदवहीतून (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेल्या वहीतून) ते कमी करायला कुणी धजत नाही. वरिष्ठ कार्यालयात विचारले, ‘जुन्या पद्धतीने करा’ असे तोंडी उत्तर मिळाले. लेखापरीक्षणात तोंडी उत्तर दाखवणार कसे?

तर, अनुदानित माध्यमिक शाळेत पुस्तकांच्या निर्लेखनाला (बाद पुस्तके नोंदीतून अधिकृतपणे कमी करण्याला) मंजुरी कोण देते, शाळा समिती की शिक्षणाधिकारी? आणि ई-ग्रंथालय या ग्रंथालयांसाठीच्या संगणक प्रणालीतली नोंद तपासणीत चालते, की हस्तलिखित नोंदवही ठेवावीच लागते? शासन निर्णयाचा क्रमांक किंवा तारीख कुणाकडे आहे का?